'टायगर फायर'चे पैसे

ब्रिटिश चित्रकार डेव्हिड शेफर्ड म्हणजे दिवाणखान्यात टांगायचे गुळगुळीत हत्ती, असं वर कुणीतरी लिहिलंय. हत्तींपुरतं थोडं मान्य. प्रिंट्स इतक्या निघाल्या की डोळे सरावतात. पण या प्रिंट्सचे पैसे कुठे गेले, हे इथे आलंच नाही. १९७३ मध्ये 'टायगर फायर' या चित्राच्या प्रिंट्समधून सव्वा लाखाहून जास्त पौंड उभे राहिले, ते भारतातल्या वाघांसाठी. त्याच वर्षी सुरू झालेल्या भारताच्या व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ जंगलांत आपलं मेळघाटही होतं.

आणि गडी मुळात विमानं रंगवणारा! १९६० मध्ये ब्रिटिश हवाईदलाने केनियाला नेलं, तर तिथल्या हवाईदलवाल्यांना विमानांच्या चित्रांचा कंटाळा. त्यांनी गेंड्याचं चित्र मागितलं. पुढे टांझानियात विष कालवलेल्या पाणवठ्यावर मरून पडलेले २५५ झेब्रे त्याने पाहिले. संवर्धनाचं काम तिथून सुरू झालं.