मदत हवी आहे : सायरसचा दंडगोल आणि इराणी राष्ट्रवाद

नमस्कार मंडळी. अभ्यासमंडळात प्राचीन इराणवर बोलायचं आहे, जाणकारांची मदत हवी.

सायरसचा दंडगोल (बॅबिलोन जिंकणाऱ्या सायरस या प्राचीन इराणी राजाची घोषणा त्यावर कोरलेली आहे) १८७९ मध्ये बॅबिलोनच्या अवशेषांत सापडला. मातीचा, जेमतेम वीतभर लांबीचा. (२०१३ च्या अखेरीस मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आला होता, इथल्या काहींनी पाहिलाही असेल.) मजकूर अक्कादी या मेसोपोटेमियातल्या (म्हणजे आजच्या इराकच्या भागातल्या) जुन्या भाषेत आहे : बॅबिलोनच्या मर्दुक देवाने सायरसला निवडलं, सायरसने देवमूर्ती आपापल्या ठिकाणी परत पाठवल्या. मेसोपोटेमियातले राजे अशा घोषणा आधीपासून करत आले होते.

पण १९७१ मध्ये इराणचा तेव्हाचा राजा शाह मोहम्मद रझा पहलवीने पर्सेपोलिस या प्राचीन राजधानीच्या जागी इराणी राजेशाहीची २५०० वर्षं थाटात साजरी केली आणि या दंडगोलाला मानवी हक्कांची पहिली सनद म्हणून जगापुढे मांडलं. नेटवर फिरणाऱ्या एका भाषांतरात तर गुलामगिरी बंद केल्याची वाक्यंही आहेत. मूळ मजकुरात ती नाहीतच! एका विजेत्या राजाची घोषणा आधुनिक राष्ट्राची जन्मपत्रिका कशी होते, हे मला नीट मांडायचं आहे. सायरसला खोटं ठरवायचा हेतू अजिबात नाही.

दोन गोष्टी सांगाल का? दंडगोलाचं भरवशाचं, टिपांसह भाषांतर कुठलं वाचावं? आणि १९२२ मध्ये मुंबईत पारशांनी ‘इराण लीग’ स्थापन केली, तिचा पहलवी काळातल्या या प्राचीन-गौरवाशी कितपत संबंध होता? यावर मराठीत किंवा गुजरातीत काही लिहिलं गेलं असेल तर नक्की कळवा. गुजराती मी वाचू शकतो.