मदत हवी आहे: सरपंचांचीच जमीन पवनचक्की कंपनीला भाड्याने, अपात्रतेचं कलम लागतं का?

मी मुंबईत असतो, गाव सातारा जिल्ह्यात. गावात पवनचक्कीचा नवीन प्रोजेक्ट येतोय, ग्रामपंचायतीने कंपनीला ना-हरकत दिली आणि त्या ठरावाला सूचक स्वतः सरपंच, ज्यांची जमीन त्याच कंपनीला भाडेपट्ट्याने गेलीये. रस्त्याचं जेसीबीचं कामही त्यांच्या मेव्हण्याकडे. पवनचक्कीला माझा विरोध अजिबात नाही, पण ज्याचा फायदा त्यानेच ठराव मांडायचा हे पटत नाही.

ठरावाची प्रत माहिती अधिकारात मिळालीये. भाडेपट्टा रजिस्टर्ड आहे, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला त्या दस्ताचा उतारा) काढलाय, तारीख ठरावाच्या आधीची. ग्रामसेवकांना विचारलं तर म्हणाले, "खाजगी व्यवहार आहे, पंचायतीचा काय संबंध?"

ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चं अपात्रतेचं कलम १४(१)(ग) वाचलं, पण त्यात पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात हितसंबंध असा उल्लेख आहे आणि इथे करार कंपनीशी झालाय. वकील करायची तयारी आहे, पण आईवडील गावातच राहतात म्हणून आधी नीट समजून घ्यायचंय.

तर अशा केसमध्ये कलम १६ खाली (सदस्य अपात्र ठरलाय का, हा निर्णय मागणारा) कलेक्टरकडे अर्ज टिकतो का, की कलम ३९ ची गैरवर्तनाची तक्रार करावी? आणि तक्रारदार म्हणून वडिलांऐवजी माझं नाव चालेल का, माझं मतदान मुंबईत आहे?