नवऱ्याच्या देशात जाताना बायकोवर जास्त अटी का?

धागाकर्ती: माझी मावसबहीण पुण्याची, तिचा नवरा डच. राहतात दोघंही पुण्यातच. त्याच्याबरोबर बेल्जियममध्ये ब्रुसेल्सला जायचं म्हटलं तर तिला व्हिसाची फी पडत नाही. बँक स्टेटमेंट नको, हॉटेल बुकिंग नको, ३०,००० युरोंचा प्रवास विमा नको. पासपोर्ट, लग्नाचा दाखला आणि नवरा सोबत येतोय याचा पुरावा दिला की झालं. युरोपीय संघाच्या २००४ च्या निर्देशात तसं लिहिलंय, आणि असे अर्ज लवकर निकाली काढा असंही.

पण सासूसासऱ्यांना भेटायला नवऱ्याच्याच देशात, नेदरलँड्समध्ये उट्रेख्तला जायचं, तर ती सर्वसाधारण अर्जदार! ९० युरो फी, विमा, उत्पन्नाचे कागद, वर 'परत येणार कशावरून?' हा प्रश्न. कारण नागरिक स्वतःचा देश सोडून दुसऱ्या सदस्य देशात जातो तेव्हाच तो निर्देश लागू होतो. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो. तुमचं काय मत?

सदाशिवपेठी: अन्याय कसला? संघाचे नियम एका सदस्य देशातून दुसऱ्यात जाणाऱ्यांसाठी आहेत. आपल्या नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला कोणत्या अटींवर येऊ द्यायचं, हे त्या देशानं ठरवायचं. शिवाय शेंगेन व्हिसा एकदा हातात पडला की २९ देश मोकळे. चार कागद जास्त मागितले तर बिघडलं कुठे? कागदोपत्री लग्नं होतात हे काही गुपित नाही. त्याच निर्देशाच्या कलम ३५ मध्ये त्याची दखल आहे.

धागाकर्ती: कलम ३५ नीट वाचा. लग्न खोटं निघालं तर हक्क नाकारा किंवा काढून घ्या, एवढंच ते म्हणतं. सगळ्यांकडे संशयानं बघा असं म्हणत नाही. बहिणीचं लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं. ३० दिवसांची नोटीस निबंधक कार्यालयात लागली होती, येणाराजाणारा वाचत होता. बेल्जियमला जाताना जे लग्न खरं, ते नेदरलँड्सला जाताना संशयास्पद कसं? आणि कागद चारच नसतात हो. तिचं स्वतःचं उत्पन्न नाही, म्हणजे प्रत्येक वेळी नवऱ्यानं तिच्या खर्चाचं हमीपत्र भरायचं. स्वतःच्या आईला भेटायला बायको न्यायची, त्यासाठी!

म्हापशेकर: गोव्यात नवऱ्याचा पासपोर्ट पोर्तुगीज आणि बायकोचा भारतीय, अशी घरं पुष्कळ. पोर्तुगालनं २००६ च्या कायद्यातच आपल्या नागरिकांच्या कुटुंबीयांनाही या सवलती लागू केल्या. म्हणजे एखाद्या देशानं मनात आणलं तर करता येतं. संघ आड येत नाही.

सदाशिवपेठी: बरोबर, पोर्तुगालनं स्वतः ठरवलं. माझा मुद्दा तोच आहे. नेदरलँड्सनं वेगळं ठरवलं, तर ते चूक कसं?

उपसंपादक: सुरिंदर सिंग खटला कुणी आणला नाही अजून. भारतीय नवरा, ब्रिटिश बायको, दोघांनी जर्मनीत नोकरी केली. बायकोच्या मायदेशी परतताना नवऱ्याला निदान दुसऱ्या सदस्य देशात मिळाले असते तेवढे हक्क मिळायला हवेत, असं युरोपीय न्यायालयानं १९९२ मध्ये सांगितलं. त्याच्या आधारावर कित्येक डच नागरिक जोडीदाराला घेऊन काही काळ बेल्जियममध्ये राहतात आणि मग घरी परततात. तिकडे त्याला 'बेल्जियम मार्ग' असंच म्हणतात. जो हक्क शेजारी बिऱ्हाड हलवून मिळतो तो घरबसल्या नाकारण्यात सुरक्षा कोणती, हे सदाशिवपेठींनी सांगावं.

म्हापशेकर: तो मार्ग कायम वास्तव्याचा. हिच्या बहिणीला तीन आठवडे जायचंय.

नवखी: मग अर्ज बेल्जियमचा करून उट्रेख्तला जायचं ना!

धागाकर्ती: नाही, कृपा करून असा सल्ला देऊ नका. अर्ज मुख्य मुक्काम असेल त्याच देशाकडे करायचा असतो. खोटा कार्यक्रम दाखवला आणि सापडला तर व्हिसा रद्द होऊ शकतो, पुढचे अर्जही अवघड होतात. खरोखरच अँटवर्पला जास्त दिवस राहणार असाल तर गोष्ट वेगळी. पण सासू उट्रेख्तला आहे, आणि बहिणीला तिच्याकडेच राहायचंय.

सदाशिवपेठी: हे मात्र योग्य बोललात. फी माफ करावी, इथपर्यंत मी येतो. हमीपत्र राहू द्या.

धागाकर्ती: फीचं दुःख नाहीच. हमीपत्रच काढायला हवं.