उपवासकाळातील देणगी: गोव्याच्या धर्मग्रामाला मंडळाने काय द्यावे आणि कसे द्यावे

प्रेषक: सचिव (इंग्लंड)
दिनांक: ६ फेब्रुवारी २०२६

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमधील आपल्या मंडळात गोव्यातील आणि वसईतील ख्रिस्ती कुटुंबे पहिल्यापासून आहेत, परंतु मंडळाचा दानधर्म आजवर गणेशोत्सव आणि दिवाळी यांच्याच निमित्ताने होत आला. या वर्षी ख्रिस्ती बांधवांच्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या लेंटमध्ये, गोव्यातील एखाद्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) सेवाकार्याला मदत करावी, अशी सूचना कार्यकारिणीच्या सभेत आली आणि ती सर्वांना पसंत पडली. मार्चच्या अखेरीस काही सभासद सुट्टीसाठी गोव्यात असतील. रविवारच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेनंतर, त्यांच्या हस्ते धनादेश सुपूर्द करावा, मंडळाचा फलक लावावा आणि छायाचित्र वार्षिक अंकात छापावे, असा विचार आहे. पाडवा १९ मार्चला गुरुवारी येत असल्यामुळे आपला कार्यक्रम शुक्रवारी, २० तारखेला संध्याकाळी ठेवला आहे. निधी त्याच वेळी जमा करता येईल.

गोव्यात राहणाऱ्या सभासदांनी या काळातील उपासनेची आणि मदतकार्याची माहिती द्यावी, तसेच या योजनेत काही खटकत असल्यास निःसंकोच कळवावे, ही विनंती.

आपला,
सचिव

———

प्रेषक: म्हापशाचे एक सभासद
दिनांक: ८ फेब्रुवारी २०२६

सचिव महोदय, सप्रेम नमस्कार.

मी मूळचा वसईचा असून नोकरीच्या निमित्ताने बार्देशात आलो आणि इथलाच झालो. धर्मग्रामाच्या समाजसेवा गटात काम करीत असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. आपली कल्पना मनापासून आवडली. फलक, छायाचित्र आणि वेदीसमोर धनादेश देणे मात्र कृपया रद्द करावे.

त्याचे कारण शिष्टाचारापुरते नाही. यंदा राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला आहे. आदल्या रात्रीपर्यंत कार्निव्हलचा जल्लोष चालतो आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसे कपाळाला राख लावून घेण्यासाठी रांगेत उभी राहतात. ही राख मागील वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. त्या दिवशी मत्तयच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायाचे वाचन होते. दानधर्म, प्रार्थना आणि उपवास या तिन्ही गोष्टी त्यात सांगितल्या आहेत आणि तिन्हींच्या बाबतीत एकच ताकीद दिली आहे, की हे लोकांनी पाहावे म्हणून करू नका. दान करताना उजवा हात काय करतो हे डाव्या हातालाही कळू देऊ नका. ज्या मंदिरात उपवासकाळाची सुरुवात या वाचनाने झाली, तिथेच पाचव्या आठवड्यात आपण फलक धरून उभे राहिलो, तर फादर सौजन्याने काही बोलणार नाहीत, पण बाकांवर बसलेल्या जुन्या मंडळींच्या लक्षात ते आल्यावाचून राहणार नाही.

दान आणि उपवास यांचा संबंधही लक्षात घेतला पाहिजे. चर्चच्या नियमानुसार १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठाव्या वर्षाच्या प्रारंभापर्यंत राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी उपवास, म्हणजे एकच पूर्ण जेवण, बंधनकारक असते. १४ वर्षांवरील प्रत्येकाने या दोन दिवशी आणि उपवासकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य करायचे असते. मासळीला बंदी नाही. गोव्यात मांसाऐवजी विसवणाची तुकडी खाणे याला त्याग म्हणावा की मेजवानी, हा प्रश्न आमचे फादर प्रवचनात दरवर्षी विचारतात. म्हणून नियमापलीकडे जाऊन प्रत्येक जण स्वतःचे काही तरी ठरवतो. नेमका याच दिवसांत हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, निघत असल्यामुळे काही जणांची कसोटी तिथे लागते. या त्यागातून जे पैसे वाचतात ते गरजूचे, ते बाजूला काढून ठेवायचे, अशी रीत आहे. अनेक घरांत त्यासाठी वेगळे पाकीट किंवा डबा असतो. कॅरिटास इंडिया या कॅथलिक सेवासंस्थेची भूक आणि रोगराई यांविरुद्धची वार्षिक मोहीम याच काळात चालते. तेव्हा मंडळाच्या शिलकीतून एक रक्कम काढून पाठवण्यापेक्षा सभासदांनी या दिवसांत स्वतःच्या खर्चातून काही वाचवावे आणि तेच द्यावे, हे मला अधिक योग्य वाटते.

पैसे नेमके कुठे जातात हेही देणाऱ्याला माहीत असावे. रविवारची नेहमीची वर्गणी धर्मग्रामाच्या खर्चाला लागते. गुड फ्रायडेची वर्गणी जगभरातून पवित्र भूमीतील चर्चसाठी पाठवली जाते. त्या दिवशी ताटात टाकलेले पैसे गावातील गरिबाला मिळतील, असे कोणी समजू नये. गावातील मदत बहुधा सेंट व्हिन्सेंट द पॉल सोसायटीसारख्या गटांकडून होते. फ्रेडरिक ओझानाम यांनी १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू केलेल्या या संस्थेची पद्धत अशी, की सभासदांनी दोघादोघांनी गरजूच्या घरी जायचे, बसायचे, ऐकून घ्यायचे आणि मग काय हवे ते पाहायचे. त्यात धर्म विचारला जात नाही. रुग्णालयात जाण्यायेण्याचे भाडे, औषधे, एकट्या म्हाताऱ्या माणसाचे महिन्याचे सामान, परप्रांतातून आलेल्या मजुराच्या खोलीचे थकलेले भाडे अशा या गरजा असतात. रकमा लहान असतात, पण त्या वेळेवर मिळाव्या लागतात, आणि ज्याला मिळाल्या त्याचे नाव बाहेर पडणार नाही याची काळजी घ्यावी लागते. तुमच्या छायाचित्राला माझा विरोध आहे तो याही कारणाने.

आता उपासनेबद्दल. या काळात धर्मगुरूंचा झगा जांभळा असतो, वेदीवर फुले नसतात आणि ‘आलेलुया’ ईस्टरपर्यंत गायले जात नाही. शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या अखेरच्या वाटचालीचे स्मरण करणारी, चौदा स्थाने होतात. गावोगावी वेगवेगळ्या रविवारी क्रूस वाहणाऱ्या येशूच्या मूर्तीची मिरवणूक निघते आणि तिच्यात लॅटिन व कोंकणी मोतेत, म्हणजे दुःखसहनाची भक्तिगीते, गायली जातात. व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि मोठ्या बासच्या साथीने दोन-तीन आवाजांत उठणारे ते सूर ज्याने एकदा ऐकले, त्याला गोव्याच्या संगीताविषयी वेगळे काही सांगावे लागत नाही. पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी, म्हणजे यंदा २३ मार्चला, गोवा वेल्हा येथील संत आंद्रे चर्चमधून संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. फ्रान्सिस्कनांनी सतराव्या शतकात सुरू केलेली ही परंपरा असून रोमबाहेर अशी मिरवणूक फक्त इथेच निघते, असे लोक अभिमानाने सांगतात. याच काळात सांकवाळला संत जुझे वाझ यांच्या तीर्थस्थानी हजारो भाविक पायी जातात. बाणावलीत १६५१ मध्ये जन्मलेल्या आणि श्रीलंकेत सेवा केलेल्या या धर्मगुरूंना १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे संतपद देण्यात आले. वारीच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या सभासदांना ही पदयात्रा परकी वाटणार नाही.

झावळ्यांचा रविवार २९ मार्चला आणि ईस्टर ५ एप्रिलला आहे. २ एप्रिलच्या संध्याकाळच्या मिस्सात धर्मगुरूंनी निवडक भाविकांचे पाय धुण्याचा विधी होतो. पूर्वी त्यासाठी फक्त पुरुष निवडले जात. पोप फ्रान्सिस यांच्या काळात, जानेवारी २०१६ मध्ये काढलेल्या आदेशानंतर स्त्रियांनाही निवडता येते. त्या मिस्सानंतर वेदी रिकामी केली जाते आणि ईस्टरच्या जागरणापर्यंत घंटेऐवजी मात्राक हे लाकडी खुळखुळ्यासारखे वाद्य वाजवतात. गुड फ्रायडेला मिस्सा नसतो. दुपारी दुःखसहनाचे वाचन आणि क्रूसवंदन होते. आपल्या सभासदांनी जरूर यावे, मागच्या बाकांवर बसावे, सर्वांबरोबर उठावे-बसावे. ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत मात्र कॅथलिक नसलेल्यांनी जाऊ नये, आणि मिरवणुकीत पुढे घुसून मोबाइलवर चित्रण करू नये.

जाता जाता, २० मार्च हा उपवासकाळातील शुक्रवार आहे. त्या संध्याकाळच्या जेवणात मटण ठेवू नये, पुरणपोळी आहेच.

आपला नम्र,
म्हापशाहून

———

प्रेषक: फोंड्याच्या एक सभासद
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६

म्हापशाच्या काकांना आणि सर्वांना नमस्कार.

काकांचे पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवले. फलकाबद्दल त्यांचे म्हणणे पूर्ण मान्य आहे, पण एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे आणि ते स्पष्ट मांडते. दान गुप्त असावे हे ज्याचे पैसे स्वतःचे आहेत त्याने म्हणावे. जे पैसे शंभर घरांतून गोळा झाले, त्यांचा हिशेब मात्र उघडच हवा. मदत कोणाला मिळाली याचे नाव नको, छायाचित्र नको, पण औषधांवर किती आणि भाड्यावर किती खर्च झाले, एवढे एका पानावर लिहून मिळणे हा सभासदांचा हक्क आहे. हे दोन विषय एकमेकांत मिसळू नयेत. देवळांच्या समित्यांतही ‘देवाच्या कामाचा काय हिशेब मागता’ असे म्हणणारे भेटतात, आणि माझा अनुभव असा की नेमका तिथेच हिशेब मागावा लागतो.

चर्चला मदत करावी की नाही, असा प्रश्न आपल्यातील कोणाला पडला असेल तर त्यांना सांगावेसे वाटते, की गोव्यात यात नवे काहीच नाही. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या (मरियामातेच्या) फेस्ताला, म्हणजे उत्सवाला, जे ईस्टरनंतर येते, हिंदू भाविक तेल घेऊन जातात, कारण लोकपरंपरेत ती शिरगावच्या लईराई देवीची बहीण आहे. यंदा होळी मार्चच्या सुरुवातीला आहे. म्हणजे आमच्याकडे शिगम्याचे ढोल वाजत असतील त्याच दिवसांत शेजारी क्रूसाची वाट चाललेली असेल, आणि दोघेही एकमेकांच्या वेळा सांभाळून घेतात.

आणखी एक सूचना. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि सासष्टीत राहून त्यांनी मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ रचले; ते १६१६ मध्ये राशोलला छापले गेले. त्याच्या दुसऱ्या भागात येशूचे चरित्र आणि दुःखसहनाची कथा आहे, आणि ते एके काळी चर्चमध्ये गाऊन वाचले जात असे. पुढे १६८४ मध्ये स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज वापरण्याचा आदेश निघाला. मंडळाने उपवासकाळातील एका संध्याकाळी त्या ओव्यांचे सामूहिक वाचन ठेवावे, त्याला तिकीट नसावे आणि ज्याला जे द्यायचे ते त्याने घरी बसून द्यावे. ओव्यांची चाल बसवायला मी मदत करीन.

आपली,
फोंड्याहून

———

प्रेषक: मडगावचे एक सभासद
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२६

सप्रेम नमस्कार.

सनदी लेखापाल म्हणून मला यात बोलणे भाग आहे, कारण सध्याच्या स्वरूपात ही योजना कायद्यात बसत नाही. आपले मंडळ परदेशात नोंदलेले आहे; त्यामुळे विदेशी अंशदान विनियमन कायदा, २०१० नुसार ते ‘विदेशी स्रोत’ ठरते. त्याच्याकडून पैसे घेणाऱ्या संस्थेकडे केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलीच पाहिजे. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेत उघडलेल्या ठरावीक खात्यातच जमा व्हावी लागते. सभासदाने रोख रक्कम आणून फादरांच्या हाती दिली, तर अडचण देणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याला होते. चांगल्या हेतूने दिलेल्या पैशांमुळे धर्मग्रामाला खुलासे करीत बसावे लागेल.

त्याच दुरुस्तीने दुसरी वाटही बंद केली आहे. पूर्वी नोंदणीकृत मोठी संस्था परदेशी निधी घेऊन तो लहान संस्थांना वाटू शकत असे. आता असे हस्तांतरण करता येत नाही. ज्या संस्थेला पैसे मिळाले तिनेच ते खर्च करायचे, आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवायचा. तेव्हा ‘नोंदणी असलेल्या संस्थेला पाठवू, ती अमुक गावच्या गटाला देईल’ असे कोणी सुचवल्यास ते मान्य करू नये.

वैयक्तिक देणगीची गोष्ट वेगळी आहे. जो सभासद परदेशात राहत असला तरी आजही भारतीय नागरिक आहे, त्याने स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक व्यवहाराने दिलेली देणगी विदेशी अंशदान ठरत नाही. पारपत्राची प्रत सोबत द्यावी, म्हणजे संस्थेला नोंद ठेवता येते. ज्यांनी ब्रिटिश किंवा पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आहे त्यांना ही सवलत नाही, मग त्यांच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या विदेशी नागरिकांचे) कार्ड असले तरी. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या कुटुंबांतून पोर्तुगीज पारपत्र घेऊन इंग्लंडला गेलेले आपल्या मंडळात बरेच आहेत; मनाने ते कितीही गोयंकार असले तरी कायद्याच्या दृष्टीने ते विदेशी स्रोत आहेत, हे त्यांना नीट समजावून सांगावे. हिशेबाबाबत फोंड्याच्या ताईंशी मी सहमत आहे. नोंदणीकृत संस्थेला दरवर्षी एफसी-४ विवरणपत्र भरावेच लागते, त्यामुळे खर्चाचा तपशील मागितल्याने कोणाला राग येण्याचे कारण नाही.

आपला,
मडगावहून

———

प्रेषक: सचिव (इंग्लंड)
दिनांक: १३ फेब्रुवारी २०२६

सर्वांस नमस्कार.

तिन्ही पत्रे कार्यकारिणीपुढे ठेवली. फलक, छायाचित्र आणि धनादेशाचा कार्यक्रम रद्द करण्यात आला आहे. भारतीय पारपत्र असलेल्या सभासदांनी उपवासकाळात वाचवलेली रक्कम थेट आणि वैयक्तिकरीत्या पाठवावी. कोणी किती दिले याची विचारणा मंडळ करणार नाही. इतर सभासदांची रक्कम मंडळाकडे जमा होईल आणि नोंदणी वैध असलेल्या, गोव्यात स्वतः सेवाकार्य करणाऱ्या एकाच संस्थेला पाठवली जाईल. त्या संस्थेची नोंदणी गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पडताळून पाहण्याचे काम मडगावच्या सभासदांनी स्वीकारले आहे. खर्चाचे एक पानी विवरण ऑगस्टमध्ये मागवले जाईल. त्यात लाभार्थींची नावे नसतील.

ओव्यांचे वाचन शनिवारी, १४ मार्चला ऑनलाइन ठेवले आहे. फोंड्याच्या ताईंनी निवडलेल्या ओव्यांच्या प्रती आधी पाठवाव्यात, म्हणजे इथे जन्मलेल्या मुलांनाही वाचायला देता येतील. २० मार्चच्या जेवणातून मटण काढले आहे. २३ मार्चला गोवा वेल्ह्याला जाऊ इच्छिणाऱ्यांनी म्हापशाच्या काकांशी परस्पर संपर्क साधावा.

आपला,
सचिव