शब्दचर्चा : 'सर्वसमावेशक' गटाची 'मार्गदर्शक मूल्ये' मराठीत कशी लिहावीत?

रंकाळावेस :
पेठेतल्या पर्यावरण गटासाठी फलक रंगवायचा आहे. काम रविवारी सकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठची सफाई, पावसाळ्यात झाडे लावणे आणि गणपतीत निर्माल्य गोळा करणे. मसुदा असा आहे : "आमचा गट सर्वसमावेशक असून परस्पर आदर, शाश्वतता, पारदर्शकता व उत्तरदायित्व ही आमची मार्गदर्शक मूल्ये आहेत." अर्थ बरोबर आहे, पण वाचणारा दुसऱ्या ओळीपर्यंत टिकत नाही. नेमके कोणते शब्द बदलावेत?

पंचगंगाकाठ :
पहिला शब्दच बदला. 'आमचा' म्हटले की फलक वाचणारा माणूस बाहेर राहिला. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद आयता मिळालेला आहे, आणि सगळ्यांना बोलावणाऱ्या गटाने तो वापरलाच पाहिजे.

फक्त एक अडचण आहे. 'आपण' हे आदरार्थी 'तुम्ही'सुद्धा आहे. "आपण कचरा वेगळा करावा" लिहिले की ती समोरच्याला दिलेली सूचना होते. "आपण कचरा वेगळा करता" यातही बोट वाचणाऱ्याकडेच. "आपण कचरा वेगळा करतो" किंवा "करूया" म्हटले की लिहिणारा आणि वाचणारा एका बाजूला येतात. म्हणून फलकावरचे प्रत्येक क्रियापद तपासा. '-वे', '-वा', '-वी' असा शेवट दिसला की वाक्य नव्याने लिहा.

मोडीवाचक :
'मूल्य', 'तत्त्व' आणि 'नियम' एकाच यादीत घालू नका. समता हे मूल्य. "जड काम बाई की पुरुष बघून वाटायचे नाही" हे त्यातून निघालेले तत्त्व. "हातमोजे घातल्याशिवाय काचेला हात लावायचा नाही" हा नियम. मूल्याला अपवाद नसतो, तत्त्व प्रसंग पाहून लावायचे असते आणि नियम मोडला तर त्या दिवसापुरते काम थांबवायचे असते. तिन्ही एकत्र लिहिली की सुरक्षेचा नियमही लोक सुविचारासारखा वाचून पुढे जातात.

आणि 'तत्त्व' दोन 'त' घालूनच रंगवा, कारण तो तत् + त्व आहे. रंगाऱ्याच्या हातून हमखास एक गळतो.

खराटा :
'सर्वसमावेशक'बद्दल. 'समावेश' म्हणजे सम् + आ + विश्, विश् म्हणजे आत शिरणे. 'सामावून घेणे'ही तसेच : आतला कुणीतरी बाहेरच्याला घेतो. म्हणजे गट आधी कुणाचा तरी होता, आणि आता तो इतरांना जागा देतो. पेठेत तालीम आणि मंडळे इतकी जुनी आहेत की ही छटा लगेच जाणवते. माझे मत : "हा गट पेठेत राहणाऱ्या आणि पेठेत कामाला येणाऱ्या सगळ्यांचा आहे." घरकाम करणाऱ्या मावशी, भाडेकरू, वसतिगृहातली मुले हे सगळे यात नाव न घेता येतात.

पण हे वाक्य खरे ठरायला चार गोष्टी कराव्या लागतात. 'वर्गणी' हा शब्द फलकावर नको. तो वाचून माणूस मागे फिरतो. खर्च असेल तर 'ऐच्छिक मदत' लिहा आणि जमाखर्च तिथेच लावा, मग 'पारदर्शकता' लिहायची गरज उरत नाही. ज्यांना वाकता येत नाही, पायऱ्या उतरता येत नाहीत, त्यांच्यासाठी वर सावलीत टेबल ठेवून सुका कचरा निवडणे, पोती मोजणे, नोंद करणे ही कामे पहिल्यापासून वाटून ठेवा. ती उरलेली कामे म्हणून देऊ नका. हातमोजे लहान मापाचेही आणा. मोठे मोजे हातातून निसटतात, मग बायका-मुले ते काढून ठेवतात आणि कापून घेतात.

रंकाळावेस :
ताई, दादा, हे उपयोगी आहे. 'स्वयंसेवक' ठेवू की 'कार्यकर्ता'?

पंचगंगाकाठ :
'कार्यकर्ता' म्हटले की कोल्हापुरात पुढचा प्रश्न "कुणाचा?" हाच येतो. 'स्वयंसेवक' चालेल. कामाला मात्र 'श्रमदान' म्हणा, गावागावात कळते. महापालिकेचे सफाई कामगार सोबत असतील तर त्यांच्या कामाला श्रमदान म्हणू नका, ती त्यांची नोकरी आहे. बाटल्या आणि पुठ्ठा कचरावेचकांसाठी वेगळा ठेवा. तो त्यांचा रोजगार आहे. 'परस्पर आदर' म्हणतात तो हाच.

नत्रस्फुरद :
'शाश्वतता' काढा. शाश्वत म्हणजे कायमचे, आणि काठावरचे काम कायमचे कधीच होत नाही. "काम टिकेल असे करतो" पुरेसे आहे. जलपर्णीचेच बघा. ती ओढून काठालाच ढीग घातला तर पहिल्या मोठ्या पावसात ढीग परत पाण्यात जातो, आणि कांडीसकट तुटलेला तुकडाही नव्याने फुटतो. तिच्या वजनात ९०% हून जास्त पाणी असते. म्हणून पाण्यापासून लांब, उतार उलट्या बाजूला असेल अशा जागी पातळ पसरून वाळवायची आणि मग उचलायची. ओलीच पोत्यात भरली तर पोते उचलत नाही, आतून कुजते ते वेगळेच. फुले येण्याआधी काढा, कारण बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते. सांडपाण्यातून नत्र आणि स्फुरद (नायट्रोजन व फॉस्फरस, म्हणजे तिचे खत) येत आहे तोवर ती पुन्हा वाढणारच, म्हणून नाल्याच्या पाठपुराव्याची एक ओळ फलकावर हवी.

मोडीवाचक :
निर्माल्याच्या पिंपावर 'कचरा' लिहू नका, लोक त्यात हार टाकत नाहीत. 'निर्माल्य' एवढेच लिहा आणि खाली बारीक : "दोरा, प्लॅस्टिक, जरी काढून."

रंकाळावेस :
नवा मसुदा :

"हा गट पेठेत राहणाऱ्या आणि कामाला येणाऱ्या सगळ्यांचा आहे. आपण जमेल ते काम करतो, काम टिकेल असे करतो. कुणाच्या पोटावर पाय देऊन सफाई करत नाही. नाल्याचे सांडपाणी थांबेपर्यंत पाठपुरावा करतो. जमाखर्च शेजारी लावला आहे."

खराटा :
"पोटावर पाय देऊन" ठेवा, ते नेमके आहे. "जमेल ते काम" मात्र ढिले वाटते. "ज्याला जे झेपेल ते" बरे, वयस्करांनाही आपलेसे वाटेल.

पंचगंगाकाठ :
'ज्याला'मध्ये बायका येतात, पण 'ज्याला-जिला' लिहायचा मोह आवरा, फलकावर अडखळते. "झेपेल ते काम करतो" एवढ्यावर भागते. दहा फुटांवरून वाचायचे असेल तर अक्षर किमान एक इंच उंच घ्या, आणि वेलांट्या-मात्रांसाठी दोन ओळींत जागा सोडायला रंगाऱ्याला आधीच सांगा.