शाळेबाहेरचे स्टिकर, बाजरीचं अरगट आणि एलएसडी: खरं किती, बाता किती?

मेडिकलवाला, इंदिरानगर

काल लेकीच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. शाळेबाहेर निळ्या चांदणीचे, कार्टूनचे स्टिकर फुकट वाटतात, त्यांना एलएसडी (भास घडवणारं ड्रग) लावलेलं असतं, मुलाने हातावर चिकटवलं की कातडीतून आत जातं आणि मूल कायमचं व्यसनी होतं, सर्व पालकांना पाठवा. खाली बावीस जणांचे हात जोडलेले. दोन वर्षांपूर्वी हाच मेसेज आला तेव्हा शाळा आपल्या नाशिकच्या गंगापूर रोडची होती, आता सिडकोची आहे.

मी लिहिलं की ही अफवा १९८०च्या सुमारास अमेरिकेत न्यू जर्सीत पत्रकांवर छापून फिरत होती आणि तेव्हापासून ती चांदणी जगभर हिंडतेय. त्यावर एका ताईंनी विचारलं, "तुमचा काही धंदा आहे का यात?" माझं मेडिकल आहे, त्यामुळे टोमणा जरा जास्तच लागला.

तर इथे विचारतो. एलएसडी चांगलं आहे असं मला म्हणायचं नाही. पण पाठीच्या कण्यात साठून राहतं ही बात आहे. ते काही तासांत शरीराबाहेर पडतं, अंमल मात्र आठ-बारा तास चालतो. गुणसूत्रं तुटतात हे १९६७ साली छापून आलं, १९७१पर्यंत त्या दाव्यातली हवा गेली, तरी लोक अजून सांगतात. दारू किंवा हेरॉइनसारखी शरीराची ओढही त्याला लागत नाही. लागोपाठ घेतलं तर तीन-चार दिवसांत परिणामच होईनासा होतो. फुकट वाटून गिऱ्हाईक बांधायचं तर यासारखा आतबट्ट्याचा माल नाही.

आपण पोराला पहिली गोष्ट खोटी सांगायची, अकरावीत ती त्याला मोबाइलवर पाच मिनिटांत कळायची, मग दुसरी खरी गोष्ट तो का ऐकेल?

सिडकोची आई

ती ताई मी नाही, पण तिचं मला पटतं. तुमचं सगळं बरोबर धरलं, तरी माझ्या सातवीतल्या मुलाने अनोळखी माणसाकडून स्टिकर घेऊ नये हे चूक आहे का? मेसेज खोटा असेल, पण त्यातून निघणारी वागणूक चांगली आहे. तुम्ही "ओढ लागत नाही" असं जाहीर लिहिता. कॉलेजातली पोरं तेवढंच वाचतात आणि पुढचं सोडून देतात.

आणि कातडीतून जातं ही अफवा म्हणता, तर ज्याने ते शोधलं त्या हॉफमनच्या बोटांतूनच गेलं ना?

मेडिकलवाला, इंदिरानगर

हॉफमनचा मुद्दा चांगला काढलात. आल्बर्ट हॉफमन, बाझलच्या सँडोझ कंपनीतला रसायनतज्ज्ञ. १९३८ साली त्याने हे बनवलं आणि कामाचं नाही म्हणून ठेवून दिलं. १६ एप्रिल १९४३ला पुन्हा बनवताना त्याला भोवळल्यासारखं झालं. बोटांना लागलं असावं, असा त्याचा स्वतःचा अंदाज. अंगावर सांडलेलं बोटावरून तोंडात किंवा डोळ्यात गेलं असेल, असंही म्हणतात. पण तो प्रयोगशाळेत शुद्ध माल हाताळत होता, कागदावर वाळलेला ठिपका नव्हे. तीन दिवसांनी त्याने मुद्दाम २५० मायक्रोग्रॅम पोटात घेतलं आणि सायकलवरून घरी जाताना जग लाटांसारखं हलायला लागलं. त्याला वाटलं हा फारच छोटा डोस. प्रत्यक्षात आज जे सामान्य मानतात त्याच्या दुपटीहून जास्त होता.

वागणूक चांगली म्हणून खोटं चालेल, याला मात्र माझा विरोध. १९६८ साली पेनसिल्व्हेनियात एका सरकारी अधिकाऱ्याने सांगितलं की सहा विद्यार्थी एलएसडी घेऊन सूर्याकडे बघत बसले आणि आंधळे झाले. राज्यभर खळबळ. मग त्यानेच कबूल केलं की मुलांनी घाबरावं म्हणून रचलेली गोष्ट होती. त्यानंतर त्या राज्यातल्या पोरांनी सरकारचं काय ऐकलं असेल?

सिडकोची आई

ते अमेरिकेतलं झालं. इथे ऑक्टोबर २०२३ मध्ये शिंदे गावात एमडीचा कारखाना सापडला, आपल्या घरापासून अर्ध्या तासावर. अशा शहरात आई घाबरली तर तिला तुम्ही रसायनशास्त्र शिकवणार?

प्रेसवाल्याची लेक

ताई, इथेच तर घोळ आहे. एमडी वेगळं, एलएसडी वेगळं. एमडी म्हणजे मेफेड्रोन, उत्तेजक पावडर, पुन्हा पुन्हा घ्यावीशी वाटणारी. नाशिकची खरी डोकेदुखी ती आहे. आपल्या ग्रुपवर दोन्हींना "ड्रग्ज" म्हणतात आणि स्टिकर शोधत बसतात.

माझे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते, टपालाची तिकिटं छापायच्या विभागात. भोकांच्या रांगेवरून फाडायचा कागद मी लहानपणापासून बघितलाय. एलएसडीचा कागदही तसाच असतो, पाव इंची चौकोनांचा, प्रत्येकावर चित्राचा तुकडा. मला वाटतं ही स्टिकरची बात तिथूनच जन्मली असावी. कुणीतरी चित्राचा कागद बघितला आणि त्याला गोंद मनाने लावला.

येवलेकर

मी शेतकरी माणूस, चर्चेत उगाच डोकं घालतो. एलएसडी अरगट नावाच्या बुरशीपासून निघतं असं वाचलं. आमच्या बाजरीलाही अरगट येतं. कणसातून आधी मधासारखा चिकट रस गळतो, मग दाण्याच्या जागी काळपट गाठी. आजोबा पेरणीआधी दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ कालवून बी बुडवायचे. गाठी आणि पोचट दाणे वर तरंगायचे, ते काढून टाकायचे. मग बी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवून सावलीत वाळवायचं. आता पोरं विचारतात, "म्हणजे आपल्या शेतात ड्रग उगवतं का?" काय सांगू?

मेडिकलवाला, इंदिरानगर

नाही उगवत, निश्चिंत राहा. एलएसडीचं मूळ द्रव्य राय या धान्यावरच्या अरगटातून आलं. बाजरीवरची बुरशी त्याच घराण्यातली पण निराळी, तिच्यातली द्रव्यंही निराळी. ती बाजरी खाण्यात आली तर मळमळ, उलट्या, चक्कर. रंगीबेरंगी काही दिसत नाही. आणि अरगटातून एलएसडी आपोआप निघत नाही, ते प्रयोगशाळेत बनवावं लागतं. आजोबांचं मीठपाणी चालू ठेवा.

याच अरगटाचं दुसरं लेकरू माझ्या फ्रिजमध्ये आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला देतात ते मेथर्जिन. त्याच्यामागेही हाच हॉफमन.

रविवार कारंजा

सगळे इतकं घाबरताय कशाला? एलएसडीने आजवर कुणी मेलेलं नाही. उलट परदेशात डिप्रेशनवर औषध म्हणून येतंय. सरकारला दारू चालते, द्राक्षाची वाइन तर आपली शान, आणि हे मात्र पाप!

मेडिकलवाला, इंदिरानगर

ही दुसऱ्या बाजूची बात, तितकीच फसवी. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून परवानगी दिली ती सिलोसायबिन (काही मशरूममधलं भास घडवणारं द्रव्य) आणि एमडीएमएला (एक्स्टसी, वर आलेल्या एमडीहून वेगळं), एलएसडीला नाही. तीही ठरावीक आजारांत, अधिकृत मानसोपचारतज्ज्ञाच्या हातून. एलएसडीवर चिंतेच्या आजारासाठी चाचण्या चालू आहेत, त्यात रुग्ण निवडून घेतात. घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल तर अशा माणसाला घेतच नाहीत, कारण त्याचं डोकं तिथून परत न येण्याचा धोका असतो. लिथियम (मनाच्या आजारावरचं औषध) चालू असेल तर फेफरं येऊ शकतं. काहींना महिनोन्महिने नजरेसमोर रेघोट्या, चमक दिसत राहते. हे क्वचित होतं, पण होतं.

अंबडचा मामा

कुणी मरत नाही म्हणणाऱ्याला माझं उत्तर. भाचा, इंजिनिअरिंगचा, एका फार्महाउसवर गेला. एलएसडी म्हणून कागदाचा तुकडा जिभेवर ठेवला. नंतर म्हणाला, कडू होता, जीभ बधिर झाली. रात्री अडीचला मला फोन. छातीची धडधड, अंग तापलेलं, दात खाऊन बसलेला, मध्येच झटका. दोन दिवस आयसीयूत. डॉक्टर म्हणाले हे एलएसडी नसावं, एनबोम नावाचं काहीतरी असेल, त्याने माणसं दगावलेली आहेत. त्या पोराला पाठीचा कणा, चांदणी, वेड लागणं, सगळ्या गोष्टी ऐकून माहीत होत्या. कागदावर दुसरंच काही असू शकतं, हे एकानेही सांगितलं नव्हतं. मीही नाही.

सिडकोची आई

मामा, भाचा आता बरा आहे ना?

अंबडचा मामा

बरा आहे. कॉलेजला जातो. आमच्यात त्या रात्रीचा विषय निघत नाही.

काळा कोट

कोर्टातली बाजू कुणीच मांडली नाही. १९८५च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली एलएसडीची "अल्प" मात्रा २ मिलिग्रॅम आणि "व्यावसायिक" १०० मिलिग्रॅम. एक डोस साधारण १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा दहावा भाग. म्हणजे शुद्ध हिशेबाने व्यावसायिक मात्रेला हजार डोस लागतील. पण २०२० साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भेसळीचंही वजन धरायचं. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने एलएसडीच्या कागदाचंही वजन धरलं, त्याआधी कागद वगळल्याचे निर्णयही होते. व्यावसायिक मात्रा म्हणजे १० ते २० वर्षं, एक ते दोन लाख दंड, आणि कलम ३७मुळे जामीन जवळपास विसरा.

पिंपळपार

सराफ बाजारात दुकान आहे, काटा एक मिलिग्रॅम दाखवतो. उत्सुकता म्हणून पोराच्या चित्रकलेच्या जाड कागदातून पाव इंची चौकोन कापला. ०.०१० ग्रॅम. दहा चौकोन एकत्र ठेवले, ०.१०३ ग्रॅम, म्हणजे १०३ मिलिग्रॅम. साधा कोरा कागद आहे हो, त्यावर काहीही नाही.

रविवार कारंजा

थांबा. म्हणजे मित्रांसाठी दहा तुकडे खिशात ठेवणारा आणि कारखाना चालवणारा एकाच कलमात?

काळा कोट

शिक्षेच्या कलमापुरतं, हो. एकच तुकडा असला तरी कागद धरला की तो "अल्प" राहत नाही. पण व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार असेल तर ६४अ कलमाने काही बाबतींत खटल्यातून सूट आहे, हेही सांगायला हवं. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ आहे.

सिडकोची आई

मेडिकलवाले, तुमच्या लेकीच्या ग्रुपवर मला घेता येईल का? चांदणीखाली मामांचा मजकूर आणि सराफकाकांच्या काट्याचा फोटो टाकायचाय. अनोळखी माणसाकडून काही घ्यायचं नाही, हे मात्र मी सोडणार नाही.

पिंपळपार

फोटो टाकतो. आधी ते तुकडे सापडू देत, बायकोने केर काढलाय.