चालू कामांची मर्यादा वाढवावी का?

प्रश्न: आमच्या छोट्या सॉफ्टवेअर संघात एका वेळी वीस-पंचवीस कामे चालू असत, म्हणून आम्ही कामांचे टप्पे दाखवणाऱ्या फलकावरील प्रत्येक रकान्यात एका वेळी किती कामे असावीत, याच्या मर्यादा घातल्या : विकसन ५, कोडची तपासणी ३, चाचणी ३. आता चाचणीचा रकाना भरला की मागचेही तुंबतात आणि दोघा-तिघांना नवे काम घेता येत नाही. माणसे मोकळी दिसतात, तेव्हा मर्यादा वाढवा, असा व्यवस्थापकांचा आग्रह आहे. काय करावे?

प्रतिसाद १: वाढवू नये. चाचणीचा वेग तोच राहणार असेल, तर वाढीव मर्यादेने फक्त रांग लांबेल. व्यवस्थापकांना लिटलचा नियम (एका कामाचा सरासरी कालावधी म्हणजे चालू कामे भागिले कामे पूर्ण होण्याचा वेग) आकड्यांत दाखवावा. आठवड्याला सरासरी ६ कामे पूर्ण होत असतील आणि २४ चालू असतील, तर प्रत्येक कामाला सरासरी ४ आठवडे लागतात. वेग तोच ठेवून चालू कामे १२ वर आणली, तर २. ग्राहकाला हा कालावधी जाणवतो, कोण किती व्यग्र होते हे नव्हे.

प्रतिसाद २: वरील गणित बरोबर आहे, पण ‘वेग तोच ठेवून’ ही अट महत्त्वाची आहे. मर्यादा इतकी कमी केली की चाचणी करणाऱ्याच्या हाती कधीकधी कामच उरत नाही, तर वेगच घटेल. तुमच्याकडे मात्र उलट स्थिती दिसते. मोकळ्या विकसकांनी चाचणीसाठी विदा (डेटा) तयार करावा, स्वयंचलित चाचण्या लिहाव्यात, परत आलेले दोष आधी निस्तरावेत आणि सहकाऱ्याने लिहिलेल्या भागाची चाचणीही करावी. स्वतःच्या कोडची अंतिम चाचणी तेवढी दुसऱ्याकडे द्यावी. विकसकांना हे सहसा आवडत नाही, आणि खरी अडचण बहुधा तिथेच असते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. बाहेरच्या उत्तरासाठी अडलेली कामे आणि अचानक येणारी तातडीची कामे मर्यादेत धरावीत का?

प्रतिसाद २: अडलेली कामे जरूर धरावीत. त्यांच्यासाठी मर्यादा नसलेला वेगळा रकाना केला, की तो घरातला माळा होतो. वर टाकलेले पुन्हा कोणी खाली काढत नाही. तातडीच्या कामांना फलकावर स्वतंत्र आडवी पट्टी द्यावी, पण तिची मर्यादा १ असावी आणि दुसरे तातडीचे काम आले, तर आधीचे बाजूला ठेवायचे की नव्याने थांबायचे, हे व्यवस्थापकांनीच ठरवावे.